यीस्टचे पूर्ण नाव

चंदीगढच्या पीजीआय या संस्थेत एप्रिल १९९६ ते फेब्रुवारी १९९८ या काळात नवजात बाळांच्या आणि लहान मुलांच्या विभागांत एका यीस्टची साथ आली होती. त्याचे नाव पिचिया अनोमाला. फळांवर आणि आंबलेल्या पदार्थांत आढळणारे हे यीस्ट; माणसाला त्यापासून मोठा धोका आहे असे तेव्हा फारसे कुणी मानत नसे. जवळपास दोन वर्षांत ३७९ बाळांना आणि मुलांना त्याची लागण झाली. डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माग काढला, तेव्हा साखळीतला मुख्य दुवा सापडला तो शुश्रूषा करणाऱ्यांच्या हातांत. हात धुण्याची मोहीम नेटाने राबवली गेली, अपुऱ्या दिवसांच्या आणि जोखमीच्या बाळांना प्रतिबंधक औषध सुरू झाले, तेव्हा कुठे साथ आटोक्यात आली.

यीस्टच्या नव्या संसर्गांची ओळख करून देताना ही जुनी हकिगत मुद्दाम आधी सांगत आहे. गेली काही वर्षे कॅन्डिडा ऑरिस या एका नावाभोवती सगळी भीती गोळा झाली आहे. ती भीती निराधार नाही, आणि पुढच्या पानांतला मोठा भाग त्याच यीस्टने व्यापला आहे. पण ऑरिसने जे केले त्याची वाट आधीच पडलेली होती. अशक्त रुग्ण, त्याच्या शिरेत घातलेली नळी, आठवडेच्या आठवडे चाललेली अँटिबायोटिक्स आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाणारे हात. या वाटेने कुठले यीस्ट कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणून आलेले यीस्ट नेमके कोणते, हे लवकरात लवकर ओळखणे हाच उपचाराचा पहिला भाग आहे, असे माझे ठाम मत आहे. या विषयावर बोलताना औषधांची चर्चा आधी होते आणि ओळखीची नंतर. हा क्रम उलटा व्हायला हवा.

यीस्ट आपल्याला परके नाही. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, पिढ्यानपिढ्या माडाच्या सुरेने पाव फुगवत असत, ते तिच्यातल्या यीस्टच्या बळावर. कॅन्डिडाच्या काही जाती आपल्या तोंडात, आतड्यांत आणि त्वचेवर मुक्कामालाच असतात. निरोगी माणसात त्यांना आवर घालणारे दोन पहारेकरी आहेत, आतड्यांतले जिवाणू आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी. प्रबळ अँटिबायोटिक्स पहिल्याला हटवतात. केमोथेरपी, स्टेरॉइड, बेसुमार वाढलेली साखर किंवा अपुऱ्या दिवसांचा जन्म दुसऱ्याला दुबळे करतो. त्यात मानेतून किंवा छातीतून मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन गेली, की त्वचेचे कुंपणही ओलांडले जाते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतड्यातले यीस्ट थेट उदरपोकळीत उतरू शकते. म्हणजे ज्या उपायांनी आपण माणसाला मरणाच्या दारातून मागे आणतो, त्यांनीच यीस्टला आत येण्याची सोय होते. ते उपाय सोडून देणे हा मार्ग नव्हे. त्यांच्यामागून काय येते ते जाणून असणे हा मार्ग आहे.

हे भारतात किती घडते? देशातल्या २७ आयसीयूंमध्ये २०११-१२ साली झालेल्या एका मोठ्या पाहणीत रक्तातल्या कॅन्डिडाचे १४०० रुग्ण नोंदले गेले. दर हजार दाखल रुग्णांमागे साडेसहा, म्हणजे पाश्चात्त्य देशांतून येणाऱ्या आकड्यांहून बरेच जास्त. निम्म्या रुग्णांमध्ये हा संसर्ग दाखल झाल्यापासून आठ दिवसांच्या आतच झाला होता, आणि तीस दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास होते. पाश्चात्त्य ग्रंथांत पहिले स्थान कॅन्डिडा अल्बिकन्सला असते. आपल्याकडे ते कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिसने घेतलेले आढळले, ४१ टक्क्यांहून अधिक. परक्या पुस्तकातला अंदाज इथल्या खाटेवर लागू पडत नाही, हे या एका आकड्याने सिद्ध होते. याच १४०० नमुन्यांचा पुन्हा अभ्यास केला गेला, तेव्हा त्यातले ७४ कॅन्डिडा ऑरिस असल्याचे दिसले, तेही २७ पैकी १९ आयसीयूंमध्ये पसरलेले. जग या यीस्टविषयी धोक्याचे इशारे देऊ लागले २०१६ साली. आपल्या आयसीयूंमध्ये ते त्याआधी चार-पाच वर्षे होते आणि बहुतेक ठिकाणी वेगळ्याच नावाने नोंदले जात होते.

ऑरिसची पहिली नोंद २००९ची. तोकियोतल्या एका रुग्णालयात सत्तर वर्षांच्या महिलेच्या कानातून घेतलेल्या स्रावात ते सापडले आणि कानावरूनच त्याचे नाव ठरले. तिथे ते निरुपद्रवी वाटले. दोन वर्षांनी दक्षिण कोरियातून रक्तातल्या संसर्गाचे तीन रुग्ण जाहीर झाले. त्यांतला एक नमुना १९९६चा, साठवून ठेवलेला होता. मग २०१३ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीतल्या दोन रुग्णालयांतल्या बारा रुग्णांचा अहवाल छापला. सगळ्यांच्या यीस्टवर फ्लुकोनॅझोल निकामी होते, आणि सगळी यीस्ट एकाच वंशाची होती. त्याआधी प्रयोगशाळेतल्या स्वयंचलित यंत्रांनी यांना कॅन्डिडा हीम्युलोनी किंवा आणखी कुठली तरी जात ठरवले होते. यंत्राचा यात दोष नव्हता, कारण त्याच्या स्मृतीत ऑरिसची नोंदच नव्हती. ज्याची नोंद नाही त्याला यंत्र जवळच्या ओळखीचे नाव देते, आणि रिपोर्टवर छापलेल्या नावावर आपण विश्वास ठेवतो.

हे यीस्ट खरोखर नवे, की पूर्वीही होते आणि दिसले नाही? या प्रश्नावर २०१७ साली प्रसिद्ध झालेले एक काम मला फार मोलाचे वाटते. २००४ ते २०१५ या काळात चार खंडांतून जमवलेले कॅन्डिडाचे १५,२७१ नमुने संशोधकांनी पुन्हा चाळले. ऑरिस निघाले फक्त चार, आणि त्यांतले सर्वांत जुने २००९चे. म्हणजे सगळा दोष चुकीच्या ओळखीच्या माथी मारता येत नाही. काहीतरी खरेच बदलले आहे. त्याच कामात भारत, पाकिस्तान, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला इथल्या ५४ रुग्णांकडच्या यीस्टच्या जनुकांचे वाचन झाले. दक्षिण आशिया, पूर्व आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका या प्रदेशांतली यीस्ट एकमेकांपासून फार दूरची, पण एका प्रदेशातली आपसात जवळजवळ सारखीच. एकाच ठिकाणी जन्मून विमानाने जगभर गेलेले हे यीस्ट नव्हे. ते जवळपास एकाच काळात, वेगवेगळ्या भूभागांत, स्वतंत्रपणे माणसापर्यंत पोहोचले. नंतर इराणमधून पाचवी शाखा आणि सिंगापूर-बांगलादेशकडून सहावीही नोंदली गेली.

असे का झाले असावे, यावर आर्तुरो कासादेवाल या शास्त्रज्ञाने २०१९ साली सहकाऱ्यांसह मांडलेला तर्क विचारात घेण्याजोगा आहे. बुरशीच्या बहुसंख्य जाती आपल्या शरीराच्या ३७ अंश सेल्सिअसला तग धरत नाहीत. तीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान तापमान एक-एक अंशाने वाढवत नेले, तर दर अंशाला सुमारे सहा टक्के बुरशी गळत जातात, असे त्यांच्याच आधीच्या कामात दिसले होते. आपली ऊब हीच आपली तटबंदी. आता बाहेरचे जग तापत असेल, तर बाहेरची यीस्टही हळूहळू उष्णता सोसायला शिकतील आणि तटाची उंची आपोआप कमी होईल. हा तर्कच आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण २०२१ साली डॉ. चौधरी आणि कॅनडातले संशोधक यांच्या गटाला ऑरिस पहिल्यांदा निसर्गात सापडले ते अंदमानात, एका खाऱ्या दलदलीत आणि एका वाळूच्या किनाऱ्यावर. तिथल्या नमुन्यांपैकी एक असा होता, की त्याला शरीराच्या तापमानाला वाढायला जड जात होते आणि औषधांनी तो मरत होता. रुग्णालयात शिरण्याआधीचा ऑरिसचा पूर्वज कसा असेल याची ही चाहूल असू शकते. खारटपणा सोसणे ऑरिसला का जमते, घामट काखेत आणि जांघेत ते महिनोन् महिने का राहते, तेही यावरून थोडे उमगते.

त्वचेवर राहण्याची ही सवय ऑरिसला इतर कॅन्डिडांपासून वेगळे काढते. अल्बिकन्सचा संसर्ग बहुधा ज्याच्या त्याच्या आतड्यातून होतो. ऑरिस एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते, खाटेच्या कठड्यावर, प्लास्टिकवर, रक्तदाबाच्या पट्ट्यावर आठवडे जिवंत राहते. ऑक्सफर्डच्या एका आयसीयूत २०१५ ते २०१७ या काळात ७० रुग्णांच्या अंगावर ते आढळले. कारण शोधताना सगळ्या वस्तू तपासल्या गेल्या आणि बोट ठेवले गेले ते काखेत लावायच्या, पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या तापमापकांवर. ते काढून टाकले आणि साथ ओसरली. ही हकिगत आपल्याकडच्या प्रत्येक इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरने वाचावी असे मला मनापासून वाटते, कारण आपल्याकडे एकच तापमापक, एकच पट्टा आणि एकच स्टेथोस्कोप सबंध वॉर्डभर फिरतो. फरशी पुसायला जी नेहमीची जंतुनाशके वापरतात, त्यांतली क्वाटर्नरी अमोनियमची बरीचशी ऑरिसला पुरी पडत नाहीत. क्लोरीनयुक्त द्रावण योग्य प्रमाणात आणि पुरेसा वेळ लावावे लागते. हे काम ज्या मावशी आणि मामा करतात, त्यांना त्यामागचे कारण कुणी समजावून सांगितलेले नसते. त्यांना ते सांगितले गेले, तर जे साधेल ते महागड्या यंत्रांनी साधणार नाही.

आता औषधांकडे येऊ. जिवाणूंविरुद्ध आपल्याकडे औषधांची डझनभर कुळे आहेत. यीस्टविरुद्ध, रक्तातल्या संसर्गासाठी, मुख्यतः तीन. याचे कारण जीवशास्त्रात आहे. यीस्टची पेशी माणसाच्या पेशीची नातलग आहे. तिला केंद्रक आहे, तिची अंतर्गत यंत्रणा आपल्यासारखीच आहे, त्यामुळे तिला मारणारे विष बहुधा आपल्यालाही बाधते. फरकाच्या जागा थोड्या. आपल्या पेशीच्या पटलात कोलेस्टेरॉल असते, तिच्या पटलात एर्गोस्टेरॉल. अँफोटेरिसिन-बी त्या एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटते. औषध जबरदस्त, पण मूत्रपिंडांना त्याचा त्रास होतो. फ्लुकोनॅझोल आणि त्याचे भाऊबंद, म्हणजे अ‍ॅझोल, एर्गोस्टेरॉल तयार करणारे एक विकर बंद पाडतात. तिसरे कुळ कॅस्पोफंगिन, मायकाफंगिन वगैरेंचे. ते यीस्टच्या बाहेरच्या भिंतीतले ग्लुकान बनू देत नाहीत, आणि अशी भिंत आपल्या पेशीला नसल्याने ही औषधे सौम्य वाटतात. मात्र ती शिरेतूनच द्यावी लागतात, आणि मेंदू, डोळा, मूत्रमार्ग या ठिकाणी नीट पोहोचत नाहीत.

यीस्ट या तिन्हींना चकवते ते वेगवेगळ्या युक्त्यांनी. अ‍ॅझोल ज्या विकराला धरते त्याच्या जनुकात एखादे अक्षर बदलले, की औषधाची पकड सुटते. शिवाय पेशीच्या पटलात पंप असतात. त्यांची संख्या वाढवून यीस्ट आत आलेले औषध बाहेर फेकते. ग्लुकान घडवणाऱ्या जनुकातला एखादा बदल तिसऱ्या कुळाला निष्प्रभ करतो. आणि नळीच्या आतल्या बाजूला यीस्ट जो चिकट थर जमवते, त्याच्या पोटात औषध पुरेसे शिरतच नाही. म्हणून अनुभवी डॉक्टर रक्तात यीस्ट सापडले की शक्य तितक्या लवकर सेंट्रल लाइन बदलतात. २०१७च्या त्या अभ्यासात ऑरिसपैकी ९३ टक्के फ्लुकोनॅझोलला, ३५ टक्के अँफोटेरिसिनला आणि सात टक्के तिसऱ्या कुळाला दाद देत नव्हते. चार टक्क्यांवर तिन्ही कुळे व्यर्थ होती. भारतातल्या ३५० नमुन्यांच्या नंतरच्या पाहणीत फ्लुकोनॅझोलविरुद्ध ९० टक्के प्रतिकार आढळला. तिसऱ्या कुळाविरुद्धचा प्रतिकार त्या वेळी दोन टक्क्यांच्या घरात होता. हा दोनाचा आकडा सांभाळणे आज आपल्या हातात आहे.

तो सांभाळायचा तर औषध कुठे वाया जाते ते पाहावे लागेल. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या थुंकीत कॅन्डिडा आला किंवा कॅथेटर लावलेल्याच्या लघवीत यीस्ट दिसले, की बऱ्याच ठिकाणी लगेच औषध सुरू होते. बहुतेक वेळा ते यीस्ट तिथे नुसते वस्तीला असते. कॅन्डिडाने न्यूमोनिया होणे अगदी विरळा, आणि लक्षणे नसतील तर लघवीतल्या यीस्टला सहसा कॅथेटर काढण्यापलीकडे काही लागत नाही. ऑरिस झालेल्यांच्या पाहण्यांत आधी बुरशीविरोधी औषध मिळालेले असणे आणि आयसीयूतला दीर्घ मुक्काम या गोष्टी पुन्हा पुन्हा समोर आल्या, त्या उगाच नव्हेत.

रुग्णालयाबाहेरही हेच चालते. अंगावरून पांढरे जाते म्हणून बाई औषधाच्या दुकानात जाते, चिठ्ठीशिवाय फ्लुकोनॅझोलची दीडशे मिलिग्रॅमची गोळी किंवा तीन औषधांचे एकत्र किट घेऊन येते. तिला तपासून घ्यायला संकोच वाटतो, आणि तिचा संकोच दूर करणारी जागाही जवळपास नसते. वर्षातून तीन-चारदा त्रास उलटत असेल तर तिथे कोणते यीस्ट आहे, की यीस्ट नाहीच, हे पाहायला हवे. मला या विषयातले सर्वांत मोठे दुर्लक्ष इथे दिसते. आयसीयूतल्या यीस्टवर निदान परिषदा तरी भरतात. या बायकांच्या खाजेवर आणि आगीवर कुणी बोलत नाही.

शेताचाही उल्लेख हवा. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत भुरीवर फवारली जाणारी हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही बुरशीनाशके आणि दवाखान्यातले फ्लुकोनॅझोल ही एकाच कुळातली. दोन्ही बुरशीच्या त्याच विकरावर घाव घालतात. तैवानमध्ये फळांच्या सालींवर फ्लुकोनॅझोलला न जुमानणारे कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस सापडले आहे. उत्तर भारतात साठवणुकीतल्या सफरचंदांवर ऑरिसही आढळले आहे. यावरून बागाईतदाराकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल. फवारणी चुकली तर त्याचे वर्ष जाते. पण कृषी खाते आणि आरोग्य खाते यांनी या एका रसायनकुळाविषयी एकत्र बसून बोलायला हवे, ही मागणी रास्त आहे.

२०२१च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या हजारो घरांना बुरशी कशी असते ते कळले. लायपोसोमल अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले. त्याच दिवसांत वाहिन्यांवर काळी, पांढरी, पिवळी असे बुरशीचे रंग सांगितले जात होते. ‘काळी’ म्हटली गेलेली म्युकर ही तंतुमय बुरशी आहे, यीस्ट नव्हे, आणि तिच्यावर फ्लुकोनॅझोल चालत नाही. ‘पांढरी’ म्हणून जिची चर्चा झाली, ती बहुतांशी कॅन्डिडाच होती. रंगाने लोक घाबरले. उपचार कोणता करायचा ते मात्र रंगावरून कुणालाच कळत नव्हते. त्याआधी कोविडच्या पहिल्या लाटेत, एप्रिल ते जुलै २०२० मध्ये, दिल्लीतल्या एका कोविड आयसीयूत रक्तात कॅन्डिडा झालेल्या १५ जणांपैकी दहांना ऑरिस होते आणि त्या दहांपैकी सहा दगावले.

या विषयाभोवती जे मौन आहे, तेही नोंदवले पाहिजे. एप्रिल २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ऑरिसवर लिहिले तेव्हा त्यांचा रोख यीस्टइतकाच गुप्ततेवर होता. साथ आलेल्या रुग्णालयांची नावे लोकांना कळत नव्हती. आपल्याकडेही नाव खराब होईल या धास्तीने गोष्टी आतल्या आत मिटवल्या जातात. मला हे पटत नाही. ज्या संस्थेने यीस्ट शोधले, मोजले आणि कबूल केले, ती संस्था रुग्णासाठी अधिक सुरक्षित आहे. शोधतच नाही तिथे ते सापडणारही नाही. चंदीगढने ३७९ मुलांचा आकडा स्वतः छापला, म्हणून त्यातून जगाला शिकता आले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बुरशीजन्य रोगकारकांची पहिली अग्रक्रम-यादी काढली आणि सर्वांत वरच्या गटात ऑरिस, अल्बिकन्स, क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स आणि अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस यांना घातले. नवी औषधे येत आहेत. आठवड्यातून एकदा द्यायचे रेझाफंगिन २०२३ साली अमेरिकेत मंजूर झाले. फॉसमॅनोजेपिक्स हे पूर्णपणे नव्या जागी घाव घालणारे औषध चाचण्यांत आहे. त्यांच्याविषयी पुढे सविस्तर येईलच.

या पानांतल्या नावांविषयी थोडे. वर्गीकरण सतत बदलते आहे. ऑरिसला आता कॅन्डिडोझायमा या नव्या प्रजातीत नेले आहे, कॅन्डिडा ग्लॅब्राटा नाकासिओमायसेस झाले, कॅन्डिडा क्रुसेई पिचियात गेले. इथे जुनीच नावे ठेवली आहेत, कारण रुग्णाच्या हाती पडणाऱ्या रिपोर्टवर अजून तीच असतात. त्या रिपोर्टवर नुसते ‘यीस्ट’ किंवा ‘कॅन्डिडा स्पीशीज’ असे लिहिलेले असेल, तर पुढचे नाव डॉक्टरांना जरूर विचारा. क्रुसेई असेल तर फ्लुकोनॅझोल मुळातच चालत नाही. क्रिप्टोकॉकस किंवा ट्रायकोस्पोरॉन असेल तर कॅस्पोफंगिन व्यर्थ. सॅकरोमायसेस असेल तर शिरेत नळी असलेल्या रुग्णाला जुलाबासाठी यीस्टच्या पुड्या चालू आहेत का ते पाहावे लागते, आणि असतील तर त्या लगेच थांबवाव्या लागतात. प्रथिनांच्या ठशावरून जात ओळखणारे माल्डी-टॉफ यंत्र आता बऱ्याच मोठ्या प्रयोगशाळांत आहे. तालुक्याच्या गावातूनही तिथे नमुना पाठवता येतो. रक्ताचे कल्चर यीस्टचे जवळपास निम्मे संसर्ग पकडू शकत नाही, त्यामुळे जे थोडे हाती लागतात त्यांची जात आणि कोणत्या औषधाला ते दाद देतात ही तपासणी, दोन्ही गोष्टी रिपोर्टवर मागून घ्याव्यात.